‘साइनबोर्ड’ : शब्दाची आणि पाटीची पार्श्वभूमी

बेळगावच्या गणपत गल्लीत हा शब्द पुरता कुणी उच्चारत नाही. ‘दुकानाचा बोर्ड’ एवढ्यावर भागते. इंग्रजीत तो दोनच उच्चार-अवयवांचा असून आघात पहिल्या अवयवावर येतो आणि लेखनातला ‘जी’ मुका राहतो. ‘सिग्नल’मध्ये मात्र तोच ‘जी’ ऐकू येतो. दोहोंचे मूळ एकच, लॅटिनमधील ‘सिग्नम’, म्हणजे खूण. मराठी तोंडी ‘सा-इन-बोर्ड’ असे तीन अवयव होतात, आणि त्यात चुकीचे काही नाही.

गुंता आहे तो ‘बोर्ड’चा. मूळ अर्थ फळी. फळीचे मेज झाले, मेजाभोवती बसणाऱ्या मंडळालाही तेच नाव मिळाले, म्हणून कॅम्पातले ‘कँटोन्मेंट बोर्ड’ आणि दुकानावरचा बोर्ड एकाच शब्दात बसतात. संस्कृत ‘फलक’ हीही फळीच, आणि ‘नामफलक’ मराठीत व कन्नडमध्ये सारखाच चालतो. शब्द दोन्ही भाषांचा असूनही त्या फळीवर आपले अक्षर कुठे आणि केवढे, यावरच सीमाभाग भांडत आला आहे.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले, हे वाचकांना ठाऊक आहेच. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक जुलै २०१४मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला, ग्रामस्थांनी तो पुन्हा उभारला, तेव्हा पोलिसांनी तो पुन्हा पाडला आणि लाठीमार झाला. प्रशासनाने त्याला दिशाभूल करणारी पाटी मानले. गावाने मात्र ‘साइन’चा मूळ अर्थ, खूण, हाच धरला होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले.

कर्नाटकच्या २०२४मधील कायदादुरुस्तीने दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड बंधनकारक झाले. राज्यभाषेला मान मिळावा, हे योग्यच आहे. पण ६० टक्के मोजायचे कशाचे, अक्षरसंख्येचे, अक्षरांच्या उंचीचे की फळीच्या क्षेत्रफळाचे, हा प्रश्न दुकानदाराला थेट भिडतो, कारण उरलेल्या ४० टक्क्यांत इंग्रजी आणि मराठी दोघींना बसवायचे असते. जुन्या पत्र्यावर पेंटरने दोरी धरून मधोमध रंगवलेले मराठी नाव नव्या फ्लेक्सवर तळाच्या पट्टीत, फोन नंबराच्या शेजारी, वीतभर जागेत येते, आणि गिऱ्हाईक अजूनही तेच वाचून आत शिरते.