चंबळचे घडियाल आणि लाल यादीचं गणित

ग्वाल्हेरला थंडीत कुणी पाहुणे आले की त्यांना चंबळ दाखवायला नेतातच, वाळूवर ओळीनं ऊन खात पडलेले घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरी, बघून त्यांचा प्रश्न ठरलेला, एवढे दिसतायत तर लाल यादीत हे अगदी शेवटच्या काठावर कसे?

ही यादी म्हणजे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेची नामशेष होण्याच्या धोक्यातल्या जीवांची यादी, 1964 पासूनची, पण सुरुवातीची बरीच वर्षं कोण किती धोक्यात हे तज्ज्ञ अनुभवावरून ठरवायचे. आकड्यांचे निकष आले 1994 ला, आणि त्यातला सगळ्यात वादग्रस्त ठरला तो घटीचा. म्हणजे 10 वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा, त्यात संख्या 20, 50 की 80 टक्के घटली ते बघून धोक्याचा वर्ग ठरवायचा, उरलेत किती ते नाही. 1996 ला याच हिशोबानं कॉड मासा यादीत आला आणि मासेमारीवाले भडकले, समुद्रात अजून कोट्यवधी मासे आहेत, ठरवून पकडले की कमी होणारच, त्याला नामशेष होणं म्हणतात का? त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, पण मला ते पटत नाही, कारण कॅनडाजवळचा कॉड असाच भरपूर भरपूर म्हणता म्हणता संपत आला आणि 1992 ला तिथली मासेमारीच बंद करावी लागली होती. शेवटी 2001 ला नियम बदलले, 20 चे 30 टक्के झाले, आणि घटीचं कारण माहीत असेल, थांबलं असेल आणि नुकसान भरून येण्यासारखं असेल तर मर्यादा 50, 70, 90 अशा सैल केल्या. निकष मात्र काढला नाही, हे फार बरं झालं.

घडियाल 2007 ला धोक्याच्या शेवटच्या वर्गात, म्हणजे अतिसंकटग्रस्तांत, गेला तो मुख्यतः याच निकषावर. 1940 च्या दशकात हजारोंनी असलेले प्रौढ 2006 पर्यंत 200 च्या आत आले होते. मुरैन्याजवळ देवरीला नदीकाठची अंडी आणून पिल्लं वाढवतात, साधारण 1.2 मीटरची झाली की चंबळीत सोडतात, काम खरंच मोलाचं आहे, वाळूवर जे दिसतात त्यात ही पोरं बरीच असतात. पण नियम असा की सोडलेल्या जनावराला स्वतःची जगणारी पिल्लं झाल्याशिवाय ते प्रौढांत मोजायचं नाही, आणि नराच्या नाकावर घडा, म्हणजे वयात आल्याची खूण असलेला फुगवटा, दिसायलाच दहाएक वर्षं जातात.