इंटरनेट नसलेल्या नेटवर्कची वेळ एका संगणकाच्या घड्याळावर चालवताना

ज्या ग्राहकांच्या नेटवर्कला इंटरनेटची जोडणी नाही, किंवा सुरक्षेच्या कारणाने ती मुद्दाम तोडलेली आहे, त्यांच्याकडे आम्ही एखाद्या संगणकाचे स्वतःचे घड्याळ हेच सगळ्या नेटवर्कचे संदर्भ घड्याळ म्हणून नेमून देतो. काम सोपवताना याची तोंडी कल्पना दिली जातेच. तरीही काही महिन्यांनी "वेळ चुकते आहे" असा फोन येतो आणि जाऊन पाहावे तर बहुतेक वेळा यंत्रणेत काहीच बिघडलेले नसते. तिच्याकडून जे मिळणारच नव्हते त्याची अपेक्षा धरलेली असते. या व्यवस्थेतून काय मिळते, काय मिळत नाही आणि तुमच्याकडून कोणती देखभाल लागते, हे या पत्रकात लिहून देत आहोत.

एकमत आणि अचूकता

एक माणूस दारातून आत येतो आणि आतल्या भिंतीवरच्या यंत्रावर हजेरी लावतो. दाराच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर ९ वाजून ४ मिनिटे उमटलेली असतात, तर हजेरीच्या नोंदीत ९ वाजून १ मिनिट. म्हणजे नोंदींवर विश्वास ठेवायचा तर हा माणूस आत येण्याच्या तीन मिनिटे आधीच हजेरी लावून मोकळा झालेला आहे. दोन्ही यंत्रे चांगली असतात, फक्त प्रत्येक जण आपापल्या घड्याळाने चाललेला असतो. सगळ्यांना एकाच घड्याळाकडे पाहायला लावले की हा घोळ संपतो, आणि ते घड्याळ स्वतः खऱ्या वेळेच्या ४० सेकंद मागे असले तरीही संपतो. घटनांचा क्रम लावायला एकमत पुरते.

अनेक व्यवस्थांना तर एवढेच हवे असते. डोमेनवर, म्हणजे कार्यालयातील संगणकांच्या सामाईक खात्यावर, लॉगिन करताना वापरली जाणारी कर्बेरॉस ही पद्धत, बदल केलेला नसेल तर, सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते आणि त्यापुढे दार बंद करते. परंतु ती तुलना त्या दोघांतलीच असते, बाहेरच्या जगात किती वाजले याच्याशी तिला कर्तव्य नसते.

अचूकता ही मात्र निराळी गोष्ट आहे. ती बाहेरूनच आणावी लागते, आणि एकट्या संगणकाच्या घड्याळातून ती निर्माण होत नाही. हा फरक आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पुढे वर्णन केलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यातच आहे.

संगणकातील घड्याळ किती खरे?

संगणकात घड्याळे दोन असतात. एक मदरबोर्डवर असते. संगणक बंद असताना ते एका चपट्या सेलवर, बहुधा ३ व्होल्टच्या सीआर२०३२ वर, चालत राहते. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणजे मनगटी घड्याळात असतो तसाच. दुसरे घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः मोजते. संगणक सुरू होताना ती पहिल्यावरून वेळ उचलते आणि पुढे आपल्या हिशेबाने चालते. नेटवर्कला वेळ देते ते हे दुसरे.

स्फटिकाची चूक दशलक्षात किती भाग या मापाने सांगतात. दशलक्षात एक भाग म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. साध्या संगणकात दशलक्षात २० भागांची चूक मुळीच विशेष नव्हे, आणि तिचा हिशेब दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला ५२ सेकंदांच्या आसपास जातो. त्यात तापमानाची भर पडते. मदरबोर्डवरचा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने चालतो आणि त्याच्या वर किंवा खाली गेले की मागे पडू लागतो. ४५ अंशांना तो दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास आणखी मागे जातो. म्हणून संदर्भ संगणक बंद कपाटात कोंबू नका, आणि वातानुकूलन रात्री बंद होणाऱ्या खोलीत ठेवण्याआधी आम्हाला विचारा.

शून्य फरकाचा अर्थ

नेटवर्कवर वेळ वाटण्याचे काम एनटीपी हा प्रोटोकॉल करतो. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील डेव्हिड मिल्स यांनी तो घडवला. त्याचा पहिला अधिकृत मसुदा १९८५ चा आहे आणि सध्याची चौथी आवृत्ती २०१० ची. यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट तो वापरतो, एवढे तुमच्या फायरवॉल सांभाळणाऱ्या व्यक्तीला सांगून ठेवावे. एनटीपी जी वेळ पाठवतो ती जागतिक समन्वित वेळ असते. स्थानिक वेळेचा फरक प्रत्येक यंत्र आपल्या सेटिंगप्रमाणे स्वतः मिळवते. त्यामुळे एखादे यंत्र नेमके काही तास किंवा अर्धा तास चुकत असेल, तर दोष त्या यंत्राच्या टाइम झोनमध्ये शोधावा, संदर्भ घड्याळात नव्हे.

या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक घड्याळाला एक पायरी असते, तिला स्ट्रॅटम म्हणतात. अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसीव्हर शून्याच्या पायरीवर, त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसऱ्या, अशी उतरंड १५ पर्यंत चालते. १६ म्हणजे "वेळ जुळलेली नाही". संगणकाचे स्वतःचे घड्याळ या उतरंडीत कुठेच बसत नाही. ते बसवण्यासाठी एनटीपीच्या जुन्या, प्रचलित सर्व्हर प्रोग्रॅममध्ये १२७.१२७.१.० असा एक बनावट पत्ता दिलेला आहे. तो पत्ता लिहिला की सर्व्हर आपल्याच घड्याळाला बाहेरचा स्रोत मानू लागतो. या स्रोताला आम्ही जाणूनबुजून दहावी पायरी देतो. पुढेमागे तुमच्या नेटवर्कला खरा वेळस्रोत जोडला गेला, तर तो दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा असेल आणि यंत्रे आपोआप त्याला पसंती देतील. उत्साहाच्या भरात कोणी येथे १ लिहिले, तर या घड्याळाने अणुघड्याळाशी थेट नाते सांगितल्यासारखे होते आणि त्याच्या शब्दावर विसंबणारी यंत्रे फसतात. आमच्या मते या व्यवस्थेत करता येण्याजोगी सर्वांत वाईट चूक हीच.

आता ज्यावरून सर्वाधिक गैरसमज होतो ती गोष्ट. सर्व्हरची स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यात "लोकल" या नावापुढे चांदणी असते, म्हणजे सध्या हाच स्रोत निवडलेला आहे, आणि फरकाच्या रकान्यात ०.००० दिसते. ग्राहक म्हणतात, घड्याळ तर अगदी अचूक दाखवते आहे. ते शून्य म्हणजे त्या घड्याळाची स्वतःशीच केलेली तुलना आहे, आणि स्वतःच्या तुलनेत कोणतेच घड्याळ कधी चुकत नाही. ते दहा मिनिटे मागे असते तरी तेथे शून्यच दिसले असते. विंडोजवर हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत दिसते: वेळेचा स्रोत म्हणून "लोकल सीमॉस क्लॉक" असे नाव आले, की समजावे की हा संगणक कोणालाही न विचारता आपल्या मनाने चालला आहे. तुम्हीच नेमलेल्या संदर्भ संगणकावर हे दिसणे योग्य आहे, पण इतर कोणत्याही संगणकावर दिसले तर त्याचा संदर्भाशी संपर्क तुटलेला आहे.

याच कारणाने १२७.१२७.१.० हा पत्ता नेटवर्कमध्ये एकाच संगणकावर असावा, असा आमचा आग्रह असतो. "नाहीतरी आधार म्हणून असू द्या" अशा विचाराने तो प्रत्येक संगणकावर लिहिला, तर केबल तुटल्यावरही प्रत्येक जण "माझी वेळ जुळलेली आहे" असेच सांगत राहतो आणि बिघाड दडून बसतो. संदर्भ संगणक बंद पडल्यास दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी, अशी सोय हवी असेल तर ऑर्फन मोड नावाची पद्धत आहे. तिच्यात उरलेले सर्व्हर आपसांत ठरवून एकालाच प्रमुख मानतात. दोन किंवा अधिक सर्व्हर असलेल्या ग्राहकांकडे आम्ही आता तीच वापरतो.

विंडोजचा संगणक संदर्भ म्हणून नेमायचा असल्यास आणखी एक अडचण येते. आपल्याच घड्याळावर चाललेले विंडोज प्रामाणिकपणे सांगते की माझी वेळ १० सेकंदांपर्यंत अनिश्चित समजा. लिनक्सवर चालणारी अनेक यंत्रे एवढी अनिश्चितता मान्य करत नाहीत. उत्तर मिळाले तरी ती वेळ घेत नाहीत, आणि पाहणाऱ्याला वाटते की नेटवर्कच बंद आहे. हा आकडा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, कमी करता येतो व आम्ही तो करून देतो, पण विंडोज नव्याने टाकल्यास तो बदल निघून जातो, हे ध्यानात असावे.

एक सेल आणि अर्धे नेटवर्क

आमच्या एका ग्राहकाकडे संदर्भ संगणकाचा सेल संपत आला होता, याची कोणालाच जाणीव नव्हती, कारण तो संगणक कधी बंदच होत नसे. एका रात्री वीज गेली, यूपीएसही दमला, आणि वीज परत आल्यावर संगणक मदरबोर्डमध्ये कारखान्यातच भरलेली, कित्येक वर्षे जुनी तारीख घेऊन उठला. खरी गंमत पुढे झाली. सर्व्हरवरचे एनटीपी प्रोग्रॅम १,००० सेकंदांपेक्षा मोठा फरक दिसला की तो मान्य करण्याऐवजी स्वतःच थांबतात, तसे ते थांबले आणि सर्व्हरची वेळ वाचली. कॅमेऱ्यांमधले साधे प्रोग्रॅम असला विचार करत नाहीत. त्यांनी जुनी तारीख निमूटपणे घेतली. सकाळी अर्धे नेटवर्क आजच्या तारखेत होते आणि अर्धे जुन्या, आणि रात्रीचे चित्रीकरण रेकॉर्डरमध्ये अशा तारखेखाली जाऊन बसले होते जिथे ते शोधण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. सेल बदलून, तारीख लावून सगळे रुळावर यायला अख्खा दिवस गेला. तेव्हापासून संदर्भ संगणकाचा सेल आम्ही दर तीन वर्षांनी, संपण्याची वाट न पाहता, बदलतो.

महिन्याची तपासणी

महिन्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या दिवशी, संदर्भ संगणकाची वेळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावी. मोबाइलवर वरच्या पट्टीत सेकंद दिसत नाहीत, म्हणून घड्याळाचे अ‍ॅप उघडावे, मोबाइलची वेळ आपोआप जुळवण्यावर ठेवलेली आहे याची खात्री करावी, आणि जो फरक असेल तो तारखेसह सोबतच्या तक्त्यात लिहावा. ही तपासणी सेकंदाच्या आसपास खरी धरता येते, आणि या कामाला तेवढे पुरते. त्या वेळी घड्याळ स्वतःहून लावू नये, ही विनंती.

विनंतीचे कारण असे. घड्याळ मागे असेल आणि पुढे उडी दिली, तर फार बिघडत नाही. पण ते पुढे असेल आणि मागे उडी दिली, तर तीच मिनिटे दुसऱ्यांदा येतात: नंतरची नोंद आधीची दिसते, ठरलेल्या वेळी चालणारी कामे दोनदा चालतात, आणि डेटाबेसला ही गोष्ट मुळीच खपत नाही. म्हणून मागे नेताना घड्याळाला उडी न मारता हळू चालवावे लागते. एनटीपीच्या त्याच जुन्या प्रोग्रॅमची कमाल गती दशलक्षात ५०० भाग आहे, म्हणजे एक सेकंद भरून काढायला ३३ मिनिटांहून थोडा अधिक वेळ आणि ४० सेकंदांना २२ तासांहून अधिक. हे काम आम्ही दूरवरून किंवा येऊन करतो आणि ते सुरू असताना यंत्रे नेहमीप्रमाणे वापरता येतात.

तक्त्यातील आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे, आणि आम्हाला तो अधिक मोलाचा वाटतो. ३० दिवसांत घड्याळ ५२ सेकंद मागे पडले, तर त्याची चूक दशलक्षात २० भाग निघते. हा आकडा सर्व्हरच्या ड्रिफ्ट फाइलमध्ये, म्हणजे घड्याळाच्या गतीची दुरुस्ती नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, लिहून ठेवला की घड्याळ तेवढे वेगाने चालवले जाते, आणि नंतर मुख्यतः तापमानाने होणारी चूक तेवढी उरते. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी हाती असल्या तर महिन्याची चूक काही सेकंदांवर आणता येते. यात अधिक-उण्याचे चिन्ह उलटे पडले, तर चूक नाहीशी होण्याऐवजी दुप्पट होते. आमच्याकडूनही हे एकदा झालेले आहे, म्हणून आता फाइल बदलल्यावर आठवड्याने पुन्हा ताडून पाहतो.

ही व्यवस्था कोठे चालणार नाही

आभासी संगणकाला, म्हणजे एखाद्या सर्व्हरच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या संगणकाला, संदर्भ नेमू नये. तो थोडा वेळ थांबवला, दुसऱ्या सर्व्हरवर हलवला किंवा जुन्या प्रतीवरून परत उभा केला, की त्याचे घड्याळ मध्येच अडते किंवा मागे जाते. प्रत्यक्ष यंत्र, मग ते साधे का असेना, या कामाला अधिक भरवशाचे.

ज्या नोंदी पुरावा म्हणून बाहेर सादर कराव्या लागतील, किंवा दुसऱ्या संस्थेच्या नोंदींशी सेकंदाने जुळवाव्या लागतील, तेथेही एकट्या संगणकाचे घड्याळ पुरणार नाही. अशा ठिकाणी आम्ही जीपीएस रिसीव्हर सुचवतो. त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त आकाश मोकळे दिसेल अशी अँटेनाची जागा लागते. रिसीव्हर घेताना दर सेकंदाला ठोका देणारी वेगळी तार त्याला आहे ना, हे पाहावे. ती नसलेला, केवळ यूएसबीने जोडलेला रिसीव्हर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही चुकू शकतो. ठोक्याची तार असली तर साध्या संगणकावरही चूक सेकंदाच्या लक्षांशापेक्षा कमी राहते. रिसीव्हर बसवल्यावर संगणकाच्या स्वतःच्या घड्याळाची दहावी पायरी आम्ही काढून टाकत नाही. अँटेनाची तार कधी निसटली तर नेटवर्कमधले एकमत तोवर टिकावे, एवढ्यासाठी ती मागे उभी असते. मात्र त्या काळात स्थितीच्या तक्त्यात चांदणी जीपीएसपुढून "लोकल"पुढे सरकलेली दिसेल. ती तशी दिसली की त्याच दिवशी आम्हाला कळवावे.