आवडीला नावं ठेवली म्हणजे माणसाचा अपमान का? थोडी पार्श्वभूमी

नागपुरात सावजी जेवणावरून वाद सुरू झाला की तो रश्श्यावर थांबतच नाही, तेल जास्त, तिखट जास्त इथपर्यंत सगळे ऐकून घेतात पण "असलं आवडते कसं तुम्हाला" म्हटलं की समोरचा भडकतो, आणि त्याचं भडकणं मला तरी रास्त वाटतं.

आपल्या विदर्भाचं नाव या भांडणात फार जुनं आहे. संस्कृत काव्यशास्त्रात वैदर्भी म्हणजे विदर्भाच्या नावाची शैली उत्तम अन् गौडी म्हणजे गौड देशाची (बंगालकडची) तिच्याखाली असं मानणारे बरेच होते. पुढे एका आचार्यानं प्रदेशाची नावंच नाकारली, शैली कवीच्या स्वभावातून येते म्हणाले. मग शैलीवरची टीका स्वभावालाच लागणार ना?

खरी घासाघीस १८६० च्या दंडसंहितेत दिसते. बदनामीचं कलम ४९९, त्याचा सहावा अपवाद. लोकांपुढे निकालासाठी ठेवलेल्या कृतीबद्दल सद्भावनेनं मत दिलं तर बदनामी नाही, कर्त्याच्या स्वभावाबद्दलही बोलता येतं, पण तो त्या कृतीत दिसतो तेवढंच. कायद्यातच त्याखाली उदाहरणं आहेत. पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक दुबळा माणूस असावा, हे चालतं. पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही कारण माणूसच दुबळा अन् स्वैराचारी आहे, हे चालत नाही, कारण इथे माणसाबद्दलचं मत पुस्तकातून आलेलंच नाही. मला ही रेघ अगदी बरोबर वाटते.

पण ही सोय कर्त्यावरच्या टीकेपुरती. सावजीवाल्यानं जेवण लोकांपुढे ठेवलं, झाडीपट्टीच्या म्हणजे पूर्व विदर्भातल्या मंडळीनं नाटक ठेवलं, रात्रभर ते नाटक पाहणाऱ्यानं आपली आवड कोणापुढे निकालाला ठेवली? त्याच्यासाठी त्याच कलमाचं चौथं स्पष्टीकरण उरतं: लोकांच्या नजरेत नैतिक किंवा बौद्धिक पत घसरली, किंवा जात, धंदा यावरून कमीपणा आला, तर अब्रूला धक्का. नुसतं "तुझी चॉइस बेकार" यात सहसा बसणार नाही. पण सावजी हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं जेवण आहे, त्यामुळे "असलं खाणारे लोक" असं कोणी म्हणून राहिला असेल तर तो चवीबद्दल बोलतच नाहीये, हे स्पष्ट सांगायला पाहिजे.

२०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं बदनामी हा फौजदारी गुन्हा कायम ठेवला. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ झालं, शिक्षेत सामुदायिक सेवेचा पर्याय आला, सहावा अपवाद उदाहरणांसकट तसाच राहिला. आवडीनं पाहणाऱ्या-खाणाऱ्यासाठी एक ओळही वाढली नाही, आणि ती संधी होती.