नफा छापलाय, मग लाभांश कुठे आहे?

सांडपाणी प्रक्रियेचं तंत्रज्ञान विकणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. लाभांशाच्या, म्हणजे नफ्यातून भागधारकांना वाटायच्या हिश्श्याच्या, मथळ्याखाली बहुतेकदा एकच ओळ असते: आजवर लाभांश दिलेला नाही, नजीकच्या काळात देण्याचा विचार नाही. चार पानं पुढे नफ्याचा आकडा दिसतो आणि भागधारक चरफडतो. त्याचं चरफडणं समजण्यासारखं आहे, पण त्या ओळीमागे बराच इतिहास आहे.

ही कुरकुर तशी शेअर बाजाराइतकीच जुनी. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 मध्ये स्थापन झाली. वर्षं लोटली तरी हातात काही पडेना, म्हणून इझाक ल मेर या भागधारकाने 1609 मध्ये लेखी तक्रार केली. 1610 मध्ये पहिला लाभांश मिळाला, तोही जायपत्रीच्या रूपात. तिजोरीत रोकड कमी होती, गोदामात मसाले होते. सांडपाण्याच्या धंद्यात ही सोय नाही, इथे साठतो तो गाळ. (अमेरिकेतलं मिलवॉकी शहर 1926 पासून वाळवलेला गाळ खत म्हणून विकतंय, हे खरं. पण ते शहर आहे, त्याला भागधारक नाहीत.)

या धंद्यातल्या पहिल्या कंपन्यांची भिस्त पेटंटवर होती. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमरन यांनी 1895 च्या सुमारास सेप्टिक टँकची पद्धत आणली, आणि अमेरिकेतल्या शहरांकडून परवाना शुल्क वसूल करायला त्यांच्या नावाची कंपनी निघाली. 1908 मध्ये कोर्टाने तिच्या बाजूने कौल दिला. 1913 मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ब्रिटिश पेटंटची मुदत संपली तेव्हाच अमेरिकेतलंही संपलं. एका निकालात उत्पन्नाचा झरा आटला.

पुढच्याच वर्षी, 1914 मध्ये, मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या रसायनशास्त्रज्ञांनी सक्रिय गाळाच्या, म्हणजे जिवाणूंनी भरलेल्या गाळात हवा सोडून सांडपाणी शुद्ध करण्याच्या, पद्धतीवरचा निबंध सादर केला. आजही जगातली असंख्य सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं याच तत्त्वावर चालतात. तिचीही पेटंटं निघाली, तिच्यावरूनही खटले झाले. मिलवॉकीविरुद्ध पेटंटधारक जिंकले, पण 1934 मध्ये अपील न्यायालयाने केंद्र बंद करण्याचा मनाई हुकूम नाकारला, कारण तसं केलं तर शहराचं मैलापाणी सरळ मिशिगन सरोवरात गेलं असतं. गिऱ्हाईक असं, की खटला जिंकला तरी त्याचा नळ बंद करता येत नाही. हा धडा धंद्याने चांगलाच लक्षात ठेवला.

आता खरी गोम. काम जसजसं पुढे सरकतं तसतसा नफा वहीत चढतो. रोकड येते केंद्र चालून दाखवल्यावर. यंत्रं बसली, पंप फिरले, तरी टाकीत जिवाणू नसतात. दुसऱ्या केंद्रातून टँकरने तपकिरी गाळ आणून विरजणासारखा टाकायचा आणि वाट बघायची. थंडीत जिवाणू आळसावतात, अमोनिया हटत नाही. ऑपरेटर लिटरभर मिश्रण काचेच्या मोजपात्रात ओततो आणि तीस मिनिटं थांबतो. गाळ खाली नीट बसला, वर नितळ पाणी आलं, की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल होतो. पण पाण्याचे नमुने ठरल्या मुदतीपर्यंत सलग पास व्हावे लागतात. तोवर बिलातली राखून ठेवलेली रक्कम अडकलेली, आणि बँक गॅरंटीपोटी ठेवलेली ठेवही अडकलेली. वहीतला नफा म्हणजे बऱ्याच अंशी स्थानिक संस्थांकडचं येणं.

अशा येण्याच्या भरवशावर लाभांश वाटणं किती महागात पडतं, हे इंग्लंडमधल्या फ्लिटक्रॉफ्ट खटल्याने 1882 मध्येच दाखवलं. संचालकांनी बुडीत येणी चांगली म्हणून दाखवून लाभांश दिला होता. न्यायालयाने तो त्यांच्याकडून भरून घेतला. मला वाटतं, लाभांशाच्या गोड बातमीपेक्षा संचालकांनी हा निकाल जास्त वेळा वाचावा.

दुसरं कारण मानसिक म्हणा. अर्थतज्ज्ञ जॉन लिंटनर यांनी 28 कंपन्यांच्या मुलाखतींवरून 1956 मध्ये मांडलं, की एकदा वाढवलेला लाभांश कमी करायला व्यवस्थापनाचा जीव होत नाही, म्हणून ते सावकाश पावलं टाकतात. या धंद्यात एका वर्षी दोन मोठी कामं मिळतात, पुढच्या वर्षी एकही नाही. नियम कडक झाले, सरकारी अनुदान सुटलं, की मागणी उसळते. अमेरिकेत 1972 च्या स्वच्छ पाण्याच्या कायद्यानंतर केंद्र सरकार बांधकामाच्या खर्चाचा 75 टक्के वाटा उचलत होतं. तो ओघ पुढे आटला. असल्या चढउतारावर दरवर्षीचा लाभांश कबूल करायचा म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

लाभांश न देण्याची लाजही आता फारशी उरली नाही. फामा आणि फ्रेंच या अर्थतज्ज्ञांच्या मोजणीप्रमाणे अमेरिकेतल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपैकी 1978 मध्ये 66.5 टक्के लाभांश देत होत्या, 1999 मध्ये 20.8 टक्के. लहान, वाढत्या कंपन्यांची गर्दी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

चित्र पालटतं ते देखभालीच्या करारांनी. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारे पडदे, ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात, रसायनं लागतात, केंद्र चालवायला माणसं लागतात. हे पैसे दर महिन्याला येतात. त्यातून व्याज आणि पगार भागून काही उरायला लागलं, की संचालक मंडळात विषय निघतो. सावध मंडळ मग पहिल्या वेळी रकमेपुढे 'विशेष, एकवेळचा' असे शब्द जोडतं, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी तोच आकडा मागायला येऊ नये.