समुपदेशकाचा पगार कुणी द्यायचा?

डिचोली असो वा वाळपई, सरकारी आरोग्य केंद्राच्या ओपीडीत नैराश्याचे रुग्ण येतातच. फक्त ते तसे सांगत नाहीत. कंबर धरते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, एवढेच सांगतात आणि गोळ्या घेऊन घरी जातात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले.

गंमत अशी की, यावर काय करता येईल ते गोव्यातच तपासून झाले आहे. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने 10 आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांवर चाचणी घेतली. निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नेहमीच्या उपचारांना समुपदेशनाच्या सहा ते आठ बैठकांची जोड मिळालेल्यांपैकी 64 टक्क्यांची लक्षणे तीन महिन्यांत ओसरली. जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. समुपदेशक होते प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक, मानसोपचाराची पदवी नसलेले.

पद्धत साधी वाटते, पण ती नुसता धीर देण्याची नाही. मन खचले की माणूस बाहेर पडणे सोडतो. बाहेर पडला नाही की बरे वाटण्याचे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचते. समजा, एका बाईने शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणे सोडले आहे. समुपदेशक तिला ‘उत्साह आला की जा’ म्हणत नाही. कोणत्या बसने जायचे, सोबत कोण, काय आणायचे हे तिच्याबरोबर ठरवतो आणि पुढच्या बैठकीत विचारतो. आधी कृती, उत्साह मागाहून.

दर्जा टिकवण्यासाठी समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकून गुण देत. मला या सगळ्यात हेच मोलाचे वाटते, आणि काटकसरीत पहिली कात्री लागेल ती यालाच.

त्याआधी, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच चाचणीत मात्र असाच समुपदेशक सरकारी केंद्रांत उपयोगी पडला, खासगी दवाखान्यांत फारसा फरक दिसला नाही. तिथले डॉक्टर आधीच रुग्णाला वेळ देत असावेत, असा अंदाज आहे.

म्हणजे गरज कुठे आहे तेही ठाऊक आहे. पण चाचणीचा निधी ठरावीक मुदतीचा असतो, ओपीडी रोजची. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. तो हक्क आरोग्य केंद्रात उतरायचा तर मंजूर पद हवे, मानधन हवे आणि ती ध्वनिमुद्रणे ऐकायला कामाच्या वेळेतला तास हवा.