‘कधीच नाही’ म्हंजे नेमकं किती?

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर, बीजकोषावर नाहीतर आतड्यावर वाढतं आणि बऱ्याच जणींचं पाळीत पोट असं दुखतं की बाई गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हे आहे. पण निदान व्हायलाच वर्षं जातात, कारण ‘पाळीत सगळ्यांचंच दुखतं, तुझंच काय लै’.

दुखणं मोजायला ० ते १० ची पट्टी आहे. पण लोकांचं हे बोलणं, नजरा आणि त्यानं वाटणारी लाज कशी मोजायची? याला इंग्रजीत ‘स्टिग्मा’ म्हणतात, मराठीत ‘कलंक’, आणि तो मोजायला जुनाट आजारांची एक छोटी प्रश्नावली आहे, मुळात मेंदू आणि नसांच्या आजारांसाठी बनवलेली. आठ वाक्यं, ‘कधीच नाही’ला १ मार्क, ‘नेहमी’ला ५, म्हंजे एकूण ८ ते ४०. काही वाक्यं लोक कसे वागतात यावर, काही स्वतःलाच काय वाटतं यावर.

आता हे परभणीकडच्या एखाद्या गावात विचारून बघा. ‘कलंक’ म्हणलं की बाईला वाटतं हे चारित्र्यावरच आले, म्हणून शब्द नाही, प्रसंग विचारायचा. ‘तुम्हाला बाजूला ठेवतात का?’ तर महालक्ष्म्यांच्या सैपाकात पाळीतल्या कुणालाच घेत नाहीत, त्यात आजाराचं काय वेगळं! फक्त हिला मधेच रक्त जातं म्हणून ही जास्त वेळा बाहेर बसते. मग तिचा ‘हो’ पाळीचा धरायचा का आजाराचा?

त्याहून अवघड ‘कधीच नाही’. हिनं घरात ‘पित्त झालंय’ सांगून ठेवलंय, आजार कुणाला माहीतच नाही, मग टाळणार कोण? मार्क कमी येतात आणि कागदावर वाटतं हिला काही त्रासच नाही. त्यामुळं लपवणं वेगळंच विचारायला पाहिजे असं माझं मत आहे, म्हंजे ‘दुखत असताना दुसरंच कारण सांगितलं का?’ असं सरळ.

प्रश्नावली पक्की आहे का ते बघायला क्रॉनबॅकचा अल्फा नावाचा आकडा काढतात, १९५१ पासूनची पद्धत, ०.७ च्या वर आला की लोक खूश. पण अल्फा एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळतात. सासू शेजारी बसलेली असली तर आठही वाक्यांना ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्या बाईची उत्तरंही जुळतातच की. सासू चहा टाकायला आत गेली की मग विचारा.