स्फेरॉइड आणि ऑर्गनॉइड: दोन्ही गोळेच, पण

सोलापुरात बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.चे प्रोजेक्ट सादर व्हायला लागले की एक फोटो पडद्यावर हमखास येतो. सूक्ष्मदर्शकाखालचा गोळा, कडेला फिकट, मध्ये गडद. खाली ओळ: ‘स्तनाच्या कर्करोगाचा ऑर्गनॉइड’. पेशी कुठल्या वापरल्या म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘सर, एमसीएफ-7.’ वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवत आणलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी त्या. म्हणजे तो ऑर्गनॉइड, रुग्णाच्या गाठीतून वाढवलेला गोळा, नव्हेच. अशा तयार पेशी एकत्र आणून केलेला स्फेरॉइड आहे. परीक्षकही पुष्कळदा सोडून देतात. दोन्ही गोळेच, दोन्ही थ्रीडी, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते औषधाबद्दल निष्कर्ष लिहायला बसल्यावर.

स्फेरॉइड करणं सोपं. पेट्री डिशच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेशी मिसळलेल्या मीडियमचे (पेशींना पोसणाऱ्या द्रावणाचे) वीस-वीस मायक्रोलिटरचे थेंब ठेवायचे आणि झाकण हलक्या हाताने, पण न थबकता, उलटं करून डिशवर बसवायचं. हात कापला तर शेजारचे दोन थेंब एक होतात. डिशच्या तळाला थोडं पीबीएस, म्हणजे खारट बफर द्रावण, ठेवायचं, नाहीतर थेंब सुकतात. पेशी वजनाने थेंबाच्या टोकाशी उतरतात, धरायला प्लॅस्टिक नसतं म्हणून एकमेकींना धरतात आणि काही दिवसांत गोळा होतो. एमसीएफ-7चा गोळा घट्ट होतो, कारण त्या पेशींवर ई-कॅडहेरिन हे एकमेकींना चिकटवणारं प्रथिन भरपूर असतं. एमडीए-एमबी-231 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या दुसऱ्या जातीत ते जवळपास नसतं, त्यामुळे तिचा नुसता सैलसर पुंजका होतो आणि पिपेटचा धक्का लागला की फुटतो. कोलॅजन किंवा मॅट्रिजेल, म्हणजे पेशींना भोवती जाळं देणारं जेल, थोडं घातलं तर बांधून येतो.

ऑर्गनॉइडची सुरुवात पेशींच्या कुपीपासून होत नाही, ऑपरेशन थिएटरपासून होते. एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णाची संमती, मग गाठीचा तुकडा थंड मीडियममध्ये लवकरात लवकर लॅबमध्ये. तो बारीक चिरून कोलॅजनेज या कोलॅजन तोडणाऱ्या विकराने सुटा करतात आणि मॅट्रिजेलच्या थेंबात पुरतात. वर आर-स्पॉन्डिन, नॉगिन, न्यूरेग्युलिन असे महागडे घटक असलेलं मीडियम. या पद्धतीचं मूळ 2009 साली हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने वाढवलेल्या आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्ये आहे. 2018मध्ये त्याच परंपरेतून स्तनाच्या कर्करोगाचे शंभराहून जास्त ऑर्गनॉइड असलेली बँक प्रसिद्ध झाली. मॅट्रिजेल हे उंदराच्या सार्कोमा या कर्करोगी गाठीतून काढलेलं जेल. चार अंशाला पातळ, खोलीच्या तापमानाला गोठायला लागणारं. आपल्याकडच्या मे महिन्यात एसी बंद पडला तर ते प्लेटपर्यंत पोचायच्या आत टिपमध्येच गोठतं. टिपा आधी फ्रीझरमध्ये ठेवा, प्लेट मात्र कोमट हवी.

थोडक्यात, स्फेरॉइड हा वळलेला शेंगदाण्याचा लाडू आणि ऑर्गनॉइड हे सांगोल्याचं डाळिंब. लाडवात जे घातलं तेच राहतं, डाळिंब आपले कप्पे आणि पडदे आपणच घडवतं. ऑर्गनॉइड काही भरीव, काही पोकळ निघतात, रुग्णागणिक वेगळे, आणि मूळ गाठीतले जनुकीय बदल बऱ्याच अंशी टिकवून धरतात. एमसीएफ-7 मात्र एकाच अमेरिकी ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून आली आणि 1973 साली डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमधून जगासमोर आली. मूळ गाठीतूनसुद्धा नव्हे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. तिथल्या बायकांच्या गाठींबद्दल काही म्हणायचं असेल तर त्यांच्याच गाठी लागतील.

लाडवाची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. स्फेरॉइड आतून एकसारखा राहत नाही. ऑक्सिजन साधारण दीडशे-दोनशे मायक्रॉनपर्यंतच झिरपतो. गोळ्याचा व्यास पाचशेच्या आसपास गेला की बाहेर वाढत्या पेशी, मध्ये सुस्त, गाभ्यात मेलेल्या, असे थर पडतात. पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध विभाजन होणाऱ्या पेशींना मारतं, म्हणून सुस्त थर वाचतो आणि तोच डोस सपाट प्लेटवर भारी ठरतो, गोळ्यात कमी पडतो. हे खऱ्या गाठीशी जुळतं. पण दोनशे मायक्रॉनचा गोळा करून ‘हायपॉक्सिक गाभा’, म्हणजे ऑक्सिजन न पोचणारा गाभा, लिहिणं मला पटत नाही. आधी मोजा.

आता कळीचा मुद्दा. ऑर्गनॉइड रुग्णाकडून आला म्हणजे गाठीभोवतीचा परिसरही आला, असं गृहीत धरलं जातं. तसं नसतं. स्टीफन पॅजेट यांनी 1889मध्येच स्तनाच्या कर्करोगाच्या 735 शवविच्छेदनांवरून सांगितलं होतं, की कर्करोग पसरायला नुसतं बी, म्हणजे कर्करोगी पेशी, पुरत नाही, जमीनही लागते. ती जमीन म्हणजे फायब्रोब्लास्ट (कोलॅजन तयार करणाऱ्या आधारपेशी), चरबीच्या पेशी, रक्तवाहिन्या, मॅक्रोफेज आणि टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि त्यांच्यामधलं कोलॅजनचं जाळं. ऑर्गनॉइडचं मीडियम उपकलेच्या, म्हणजे अस्तराच्या, पेशींना जपतं. बाकीचा गोतावळा दोन-चार पॅसेजमध्ये, म्हणजे पेशी वाटून नव्या प्लेटमध्ये वाढवण्याच्या फेऱ्यांत, गळून जातो. बी अस्सल राहतं, जमीन जाते. उलट साध्या एमसीएफ-7च्या स्फेरॉइडमध्ये गाठीतून वेगळे केलेले फायब्रोब्लास्ट मिसळले आणि सगळं कोलॅजनमध्ये बसवलं, तर बी जुनंपुराणं असूनही जमिनीचा काही भाग हाती लागतो.

आणि जमीन दुय्यम नाही. मिना बिसेल यांच्या गटाने 1997मध्ये थ्रीडी जेलमधल्या कर्करोगी स्तनपेशींचा बीटा-1 इंटिग्रिन प्रतिपिंडाने अडवला. हा इंटिग्रिन म्हणजे पेशीला भोवतालच्या जाळ्याशी जोडणारा दुवा. जनुकं तीच होती, तरी बेबंद गोळे सोडून पेशींनी निरोगी ग्रंथीसारखी शिस्तीत मांडणी केली. सपाट प्लॅस्टिकवर हा परिणाम दिसला नाही.

म्हणून आपल्या मुलांना मी स्फेरॉइडच सुचवतो, बजेट बघून आणि प्रश्न बघूनही. औषध आत किती झिरपतं, फायब्रोब्लास्टमुळे ते बोथट होतं का, हे त्यावर चांगलं कळतं. अमुक रुग्णाला अमुक औषध लागू पडेल का, हा प्रश्न मात्र ऑर्गनॉइडचा. इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्तीकरवी कर्करोग मारणाऱ्या उपचाराला, दोन्ही अपुरे. पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यातलं औषध टी पेशींवरचा ब्रेक सोडवतं, ज्या गोळ्यात टी पेशीच नाहीत तिथे ते घालणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं. त्यासाठी रुग्णाच्याच टी पेशी ऑर्गनॉइडसोबत वाढवाव्या लागतात, नाहीतर ताज्या गाठीचे पातळ काप करून जिवंत ठेवावे लागतात. कापात सगळे आपापल्या जागी असतात, पण काही दिवसच, आणि त्यातून पुढचा पॅसेज काढता येत नाही.